हरिश्चंद्रगड, सप्टेंबरअखेर: कोकणकड्याकडे पळण्याआधी मंदिराजवळ थांबा

बहुतेक लोक हरिश्चंद्रगडावर जातात ते कोकणकडा बघायला. कडा आहेच तसा, त्याच्याबद्दल पुढे लिहिलंय, पण माझं मत विचाराल तर या गडाची खरी दौलत मंदिराच्या आवारात आहे, आणि सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर पठारावरच्या फुलांत, आणि नेमकं तिथूनच लोक दोन फोटो काढून पुढे पळतात. ते बघून खरंच वाईट वाटलं म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

आधी वाटेचं बोलते. गड अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत. वर जायच्या वाटा बऱ्याच आहेत पण घरच्यांना घेऊन जायचं असेल तर सरळ पाचनई गाठा. राजूरवरून गाडी थेट गावात जाते आणि तिथून रमतगमत दोन-तीन तासांत मंदिरापाशी पोचता येतं. माझी आई साठीच्या पुढची, गुडघ्यांची थोडी कुरकुर आहे, तरी ती या वाटेने आरामात चढली. मध्ये एका मोठ्या कातळाच्या पोटातून आडवं जावं लागतं, डोक्यावर कडा पुढे आलेला आणि वरून पाणी ठिबकत असतं, तिथे रेलिंग आहे, ते धरून हळू चालायचं बास. त्याच्यापुढे झाडीतून आणि ओढ्याच्या काठाने वाट आहे, पाण्याचा आवाज पूर्णवेळ सोबतीला.

दुसरी प्रसिद्ध वाट खिरेश्वरची. माळशेजच्या बाजूला खुबी फाट्यावर उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून गावात यायचं आणि मग टोलार खिंडीतून वर. खिंडीनंतर कातळटप्पा लागतो, रेलिंग असली तरी ओल्या कातळावर सवय नसलेल्याचे पाय लटपटतात, आणि तो संपला की आता आलंच मंदिर असं वाटतं पण एकामागोमाग टेकड्या येतच राहतात. चार-पाच तास धराच. मात्र या बाजूने गेलात तर पायथ्याचं नागेश्वर मंदिर सोडू नका, आतलं छताचं कोरीवकाम मान वर करून निवांत बघण्यासारखं आहे. बेलपाड्याकडून येणाऱ्या नळीच्या वाटेचं पावसाळ्यात नावसुद्धा काढू नका, ते कसलेल्या लोकांचं काम आहे आणि तेही कोरड्या दिवसांत.

आता फुलं. साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठारावर जे काही चालू असतं ते फोटोत येत नाही हो. सोनकीने उतारच्या उतार पिवळे झालेले, मध्येच तेरड्याचा गुलाबी पट्टा, ओढ्याच्या कडेने आभाळी, आणि जिथे कातळावर नुसतं पाणी पाझरतं तिथे वाकून बघितलं तर गेंदाची पांढरी बटणं आणि सीतेची आसवं. ही आसवं म्हणजे एवढीशी जांभळी-निळी फुलं, पण झाड किडे खाणारं आहे, मातीखाली बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात, कारण कातळावरच्या त्या इंचभर मातीत झाडाला खायला काहीच नसतं. आणि सगळं एकदम का फुलतं तर त्याच कारणाने, माती पातळ, पाऊस थांबला की चार दिवसांत कातळ तापणार, तेवढ्यात फुलून, फळून, बी टाकून मोकळं व्हायचं. म्हणून पाऊस कसा झालाय त्यावर आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतं, निघायच्या आधी पाचनईत कुणाला तरी फोन करून विचारलेलं बरं.

कारवीचं वेगळं सांगायला हवं. उतारांवर कारवीचं रान आहे, पण ती दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका मोसमात सगळा डोंगर जांभळा करते, बी धरते आणि मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या गावात कुडाच्या भिंतींना वापरतात, वरून मातीचा गिलावा. आता विचार करा, ज्या झाडाला आयुष्यात एकदाच फुलायचंय त्याच्यावर बसून कुणी रील काढली तर त्या जागेचं बी गेलंच की. सोनकीच्या गालिच्यातसुद्धा लोक अक्षरशः लोळत होते आणि उठल्यावर माणसाच्या आकाराचा चिखल उरत होता. पायवाटेवर उभं राहून पण छान फोटो येतो, आईचे सगळे फोटो मी वाटेवरूनच काढलेत.

मंदिराची जागा मला सगळ्यात जास्त आवडली ती एका गोष्टीसाठी. एवढा १४०० मीटरच्या वरचा डोंगर, तारामती, रोहिदास अशी शिखरं, पण देऊळ शिखरावर नाहीये, ते खाली खोलगटात आहे, जिथे मंगळगंगेचं पाणी सुरू होतं तिथे. बांधणाऱ्यांनी उंची नाही तर पाणी शोधलं. वरून येताना आधी फक्त कळस दिसतो आणि मग एकेक पायरी उतरत आवारात शिरलं की तिन्ही बाजूंना कातळात खोदलेल्या गुहा, पाण्याची टाकी आणि मध्ये हरिश्चंद्रेश्वराचं निमुळतं होत गेलेलं कोरीव शिखर. ओल्या काळ्या दगडावर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा कोरीवकामाची प्रत्येक रेघ उठून दिसते, दुपारी ते सपाट होऊन जातं, त्यामुळे सकाळी बघा. टाक्यातलं पाणी दात कळवळतील इतकं गार. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात आणि त्यांच्या तत्त्वसार ग्रंथात या पर्वताचा आणि मंगळगंगेचा उल्लेख आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना ही जागा पाण्यामुळेच ओळखीची होती, हे मला तिथे उभं राहून फार भारी वाटलं.

देवळाच्या समोर पुष्करणी आहे, तिच्या एका बाजूला ओळीने १४ कोनाडे, प्रत्येकाला वर छोटं शिखर कोरलेलं. पायऱ्यांवर बसायला गेलात तर चपला बाहेर ठेवा आणि कृपा करून पाण्यात पाय सोडून बसू नका.

तिथून ओढ्याच्या कडेने थोडं खाली केदारेश्वराची गुहा. याचेच फोटो सगळीकडे फिरतात, कमरेएवढ्या पाण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांब होते त्यातला एकच आता पूर्ण उभा. चार खांब म्हणजे चार युगं आणि शेवटचा पडला की जगबुडी, ही गोष्ट कुणी ना कुणी ऐकवतंच. भर पावसात ओढ्याला एवढं पाणी असतं की गुहेपर्यंत जाताच येत नाही, आम्ही गेलो तेव्हा जाता आलं पण पाण्यात उतरलो नाही, बाहेरून नमस्कार केला. लोक आत प्रदक्षिणा घालतात, श्रद्धा म्हणून मी समजू शकते, पण काही जण बाटलीतला साबण लावून आंघोळ करत होते. देवाचं पाणी आहे, आणि हेच पाणी पुढे ओढ्याने खाली जातं, याच्यापेक्षा जास्त काय सांगायचं.

कोकणकडा मंदिरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. सपाट पठारावरून चालत जातो आणि एकदम पुढची जमीन संपते. कडा सरळ नाहीये, आत वळलेला आहे, अर्धवर्तुळासारखा, त्यामुळे काठावरून समोरची भिंत पूर्ण दिसते, लाव्ह्याचे एकावर एक थर मोजता येतील इतके स्पष्ट. खाली बेलपाडा. वारा खालून वर येतो, जोर असला की हलक्या वस्तू परत वर येतात, ते बघायला लोक वाकून काहीबाही टाकतात, कचरा होतो आणि जिवाशी खेळ तो वेगळाच. काठाजवळ जायचं तर पोटावर झोपूनच, आणि पावसाळ्यात तेही नको कारण गवताखाली दगड आहे की हवा ते कळत नाही.

सगळे सूर्यास्ताला गर्दी करतात कारण कडा पश्चिमेला आहे. माझं ऐकाल तर सकाळी पण जा. ऊन पाठीमागून वर आलं आणि समोर दरीत धुकं असलं की त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य, त्यालाच इंद्रवज्र म्हणतात. नशीब लागतं, पण ऊन मागे आणि धुकं खाली हे गणित या बाजूला फक्त सकाळीच जमतं. आम्हाला अगदी थोडा वेळ दिसलं, आई हात हलवत होती आणि धुक्यातली सावलीपण हलवत होती, तिला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

तारामतीवर चढायचं असेल तर मंदिराच्या मागूनच वाट आहे. त्याच्या पायथ्याच्या गुहांपैकी एकीत गणपतीची भलीमोठी मूर्ती आहे, तेवढं तरी बघाच.

खाण्याराहण्याबद्दल, वर गावातल्याच लोकांच्या झोपड्या आहेत, पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, चहा सगळं मिळतं आणि चुलीवरचं असतं. भाकरी गरम गरम ताटात येते, मागाल तेवढी. यात मी काही कमी-जास्त काढणार नाही, खालून सगळं सामान डोक्यावर आणतात हे लोक. वॉशरूमची सोय मात्र अगदी जुजबी, बायकांनी आणि मुलींनी तयारीत जा. मुक्काम करायचा असेल तर तंबू आणि गुहेत राहण्याचे नियम बदलत असतात, वनखात्याच्या लोकांना किंवा गावात विचारूनच ठरवा.

तक्रार एकच आणि ती गडाबद्दल नाहीये. शनिवार-रविवारी एकेका ट्रेक ग्रुपची बसच्या बस भरून येते. आमच्या पुढे असाच एक ग्रुप होता, त्यांच्या लीडरने मंदिराजवळ मोजून थोडी मिनिटं दिली, स्पीकर चालू, चला चला कड्यावर गर्दी होईल. पैसे भरून, पहाटे उठून आलेल्या त्या पोरांनी पुष्करणी बघितलीच नाही. ग्रुपसोबत जाणार असाल तर बुकिंगच्या आधीच विचारून घ्या की मंदिरापाशी किती वेळ आहे आणि किती माणसं नेताय. जमलं तर मधल्या वारी जा, आम्ही रविवारचे चढलो आणि सोमवारी सकाळी आवारात आम्ही, पुजारी आणि दोन कुत्री एवढेच होतो.

बूट चांगल्या ग्रिपचे हवेत, कातळावर शेवाळ असतं आणि स्पोर्ट्स शूज सटासट घसरतात. मोबाईलला रेंज जवळपास नाहीच, घरी आधी सांगून ठेवा. पॉवरबँक, रेनकोट, कोरडे मोजे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा वीकेंडच्या गर्दीचा आणि साबणाचा कापला. आणि परतताना अर्धा दिवस हातात असेल तर राजूरवरून भंडारदऱ्याकडे वळून रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर करा. तेही नदीच्या उगमाकडचं, प्रवरेच्या, तिथेही पुष्करणी आहे, आणि झंझ राजाने नद्यांच्या उगमांपाशी बांधलेल्या बारा देवळांपैकी ते एक असं मानतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरलेलं असतं, त्यामुळे पिंडी दिसली नाही तर हिरमुसू नका, बाहेरच्या भिंती फिरून बघायलाच तासभर लागतो.