तांबाकाट्यावरून आणलेली काशाची वाटी: आठ महिने रोज वापरून

पहिल्या रात्री वाटी आणि तुपाचा डबा घेऊन पायाशी बसलो, तर बायकोने पाय आखडून घेतले. "अहो, काहीतरीच काय! नवऱ्याने पायाला हात लावायचा? पाप लागेल मला." तेहतीस वर्षांच्या संसारात तिने माझे पाय कितीदा चेपले असतील. मी तिच्या पायाला कधीच हात लावला नव्हता, हे त्या रात्री माझ्या ध्यानात आलं.

तिचं लालबागला पोळी-भाजीचं केंद्र आहे. पहाटे साडेचारला उठते, दुपारपर्यंत ओट्यापाशी उभी. रोजच्या अडीचशे पोळ्या. रात्री तळपायांची आग व्हायची, पलंग सोडून फरशीवर पाय टेकवून पडायची. मला माझी आई आठवली. वडील गिरणीत होते, रात्रपाळी करून आले की आई काशाच्या वाटीने त्यांचे तळपाय घासायची. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि घरातली भांडी एकेक करून मोडीत गेली. त्यात ती वाटीही गेली.

मुलीला हे सांगितलं, तर तिने मोबाईलवरून एक वाटी मागवली, ८९९ रुपयांची. खोक्यावर 'शुद्ध कांस्य' छापलेलं. मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं टर्नर होतो, हातात घेताच शंका आली. कडेला बारीक कानस मारली, तर मऊ पिवळा कीस निघाला. पितळ! वर नुसतं पॉलिश. परत घ्या म्हटलं, तर कानस मारलेला माल घेत नाही असं उत्तर आलं. मुलीला फार वाईट वाटलं. तिचे पैसे गेले याचा मला अजून राग आहे.

मग मीच निघालो. करी रोडवरून चौथं स्टेशन मशीद, तिथून मोहम्मद अली रोड ओलांडून पायधुनी. पूर्वी मुंबईची बेटं वेगवेगळी होती तेव्हा भरतीचं पाणी इथवर यायचं, ते ओलांडून आलेली माणसं इथे पाय धुवायची, म्हणून पायधुनी. मुंबादेवीच्या बाजूला वळलं की तांबाकाटा, तांब्या-पितळेचा बाजार. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ओळीने तीन-चार दुकानांत चांगला माल दिसला. दुकान शोधत बसू नका, वाटी पारखायला शिका.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, शंभर भागांत साधारण ७८ आणि २२. देवळातली घंटा ओततात तो धातू जवळपास हाच. म्हणून कासं वाजतं. वाटी मुठीत धरू नका, बोटांच्या टोकांवर तोला आणि कडेला नखाने टिचकी मारा. पितळ 'ठक्' करून गप्प होतं, काशाचा नाद रेंगाळत राहतो. रंग पितळेसारखा झगझगीत नसतो, जरा फिकट, मातकट. दुकानातल्या मुलाने स्वतःच सांगितलं, "काका, सगळ्या वाजवून बघा, मग घ्या." मी नऊ वाट्या वाजवल्या. दोन बद्द वाजल्या, त्या बाजूला ठेवल्या. कासं गार असताना ठोकलं तर तडकतं, लालबुंद तापवूनच घडवावं लागतं. घडवताना बारीक चीर राहिली असेल, तर ती डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते.

लाकडी मुठीची वाटीही मिळते. घेऊ नका. मूठ स्क्रूने बसवलेली असते, ती महिन्याभरात खुळखुळायला लागेल. शिवाय मुठीमुळे हात पायापासून लांब राहतो. साधी वाटी तळहातात बसते, कुठे गाठ आहे, कुठे दुखतंय, ते बोटांना कळतं. मी घेतली ती १८० ग्रॅमची, किलोला २२०० भावाने ३९६ रुपये झाले.

वापर सोपा आहे. एका पायाला अर्धा चमचा साजूक तूप. उन्हाळ्यात मी खोबरेल तेल घेतो. वाटीचा फुगीर बुडाचा भाग टाचेवर टेकवायचा आणि गोल गोल फिरवत बोटांपर्यंत जायचं. तळव्याच्या खोलगट भागात दाब कमी, टाचेच्या कडेला जास्त. एका पायाला दहा मिनिटं पुरतात. नंतर डाळीच्या पिठाने पाय पुसून काढा, नाहीतर फरशीवर घसराल. तिसऱ्याच दिवशी ही मोरीपाशी घसरता घसरता वाचली.

तूप काळपट होतं. आई म्हणायची, अंगातली उष्णता निघाली. आईचा शब्द मोडवत नाही, पण धातूत जन्म गेलेला माणूस आहे मी. घासताना वाटीचा बारीक अंश तुपात उतरतो, त्याने ते राखाडी होतं. काळं जास्त आलं म्हणजे गुण जास्त, असं सांगून कोणी महागडी वाटी विकत असेल तर घेऊ नका. वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथातही रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावायला सांगितलंय. त्याला महाग वाटी लागत नाही. पायाला जखम असेल, तर मात्र हे करू नका, आणि मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दादरला एका ठिकाणी याचं यंत्रही आहे. खुर्चीत बसायचं, काशाच्या तबकड्या पायाखाली फिरतात, अर्ध्या तासाला २०० रुपये. एकदा आम्ही दोघं जाऊन आलो. पाय घासले गेले. ती समोरचा टीव्ही बघत होती, मीही.

घरी तसं होत नाही. दिवा मालवतो, खिडकीतून रस्त्याचा उजेड येतो तेवढा पुरतो. मोबाईल स्वयंपाकघरात. पहिला आठवडा ती अंग चोरून बसायची, पाय माझ्या मांडीवर टेकवायची पण भार द्यायची नाही. एका रात्री डाव्या घोट्याखाली वाटी अडली, बघितलं तर रुपयाएवढा भाजल्याचा डाग. कधीचा गं हा? म्हणाली, "मुलीच्या बारशाच्या वर्षीचा. कढईतलं तेल उडालं होतं. तुम्ही डबल ड्युटीवर होतात." एकोणतीस वर्षांचा डाग. मी त्याच्याभोवती हळूहळू वाटी फिरवत राहिलो. तिने तेव्हा प्रथम पायाचा भार सोडला.

निवृत्तीनंतर माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. साडेपाचला भोंगा झाल्यासारखा दचकून उठायचो, दिवसभर घरात येरझाऱ्या. आता दिवसातली ती वीस मिनिटं मी कशाचाही विचार करत नाही. वाटीचा घस् घस् आवाज तेवढा येतो. ती आधी बोलत असते, उद्या कोणाच्या पोळ्या जास्त आहेत, तिची गेलेली बहीण कशी हसायची. बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं, श्वास लांब होतो. आग आग म्हणून फरशीवर पाय टेकवणं बंद झालंय. पूर्ण बरं वाटतं का विचारलं, तर म्हणते, टाच अजून ठणकते, पण रात्र जाते.

गेल्या महिन्यात वाटी माझ्या हातून निसटली आणि फरशीवर पडली. दिसायला तशीच, पण टिचकी मारली तर नाद गेलेला, बद्द. कासं पडलं की असंच होतं, तेवढी एक गोष्ट घेताना लक्षात ठेवा. सकाळी मी पिशवी घेऊन तांबाकाट्यावर निघालो, तेवढ्यात पोळपाटावरून मान वर न करता ती म्हणाली, "अहो, या वेळी जरा जड बघून आणा."

२३५ ग्रॅमची आणली.