पत्र खरं, पिस्तूल खोटं

जुनी पिस्तुलं जमवण्याचा नाद असलेल्यांना, विशेषतः अमेरिकेत आल्यावर तो लागलेल्या आपल्या मंडळींना, आधीच सांगून ठेवतो: पिस्तुलं बनवणाऱ्या कोल्ट कंपनीचं अस्सल पत्र, म्हणजे अमुक क्रमांकाचं पिस्तूल कसं होतं आणि कोणाकडे रवाना झालं हे जुन्या नोंदींवरून सांगणारा कागद, सोबत आहे, म्हणजे पिस्तूलही अस्सल असणार, असं धरून चालू नका. त्या पत्रापायी माझे ३,२०० डॉलर गेले. पैशांवर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोही नसतो.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि खिशात मावतील अशी छोटी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं जमवतो. पन्नास वर्षांहून जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांना इथे केंद्र सरकारचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांचे ३० डॉलर. त्या बदल्यात आलेल्या-गेलेल्या प्रत्येक शस्त्राची, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह वहीत नोंद ठेवायची. सांगलीच्या मामांना याचं भारी नवल वाटतं. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे वडिलांकडून आलेली तिसरी बंदूक त्यांना जमा करावी लागली. 'तुझ्याकडे कपाटभर आणि माझी एक जड झाली होय रे सरकारला?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सुरुवातीची खरेदी स्वस्तातली आणि बिनधोक होती. चेक सैन्यातून निघालेलं सीझेड-८२ तेव्हा अगदी थोडक्या पैशात मिळायचं. मॅगझिनमध्ये बारा गोळ्या, हाताला जरा जाडं, पण कधी अडलं नाही. त्याची नक्कल करून कोणाला काय मिळणार? मग वॉल्थर या जर्मन कंपनीचं पीपीके/एस आलं. १९६८ च्या कायद्यानंतर मूळ पीपीके आयातीच्या मापात थोडक्यासाठी बसेना, म्हणून कंपनीने थोरल्या पीपीच्या सांगाड्यावर पीपीकेची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, चढवून हे जोडपिस्तूल काढलं. मला ते मूळ पीपीकेपेक्षा जास्त आवडतं. करंगळीला मुठीवर जागा मिळते.

गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, फिरू लागलो तशी एकेक कलाकार मंडळी भेटू लागली. एकाच्या टेबलावर गरुड आणि स्वस्तिकाचा ठसा असलेलं पीपीके होतं, 'नाझी अधिकाऱ्याचं'. स्लाइडवर गाव कोरलेलं उल्म. वॉल्थरचा कारखाना १९४५ पर्यंत थुरिंजियातल्या झेला-मेहलिसला होता. उल्मला तो युद्धानंतर उभा राहिला. हिटलर मेल्यानंतर बनलेल्या पिस्तुलावर हिटलरचा गरुड बसवणाऱ्याने निदान गावाचं नाव तरी घासून टाकायचं! दुसऱ्या एकाने मी भारतीय आहे हे ऐकल्याबरोबर टेबलाखालून बेरेटा १९३४ काढलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, गांधींना मारलं त्याच खेपेतलं हे. गांधीहत्येत बेरेटा १९३४ वापरलं गेलं हे खरं आहे. पण समोर इटालियन गिऱ्हाईक असतं तर तेच पिस्तूल मुसोलिनीच्या अंगरक्षकाचं झालं असतं, याबद्दल मला शंका नाही.

असले लोक ओळखू येतात. मला ज्याने गाठलं तो असा बोलतच नव्हता.

कोल्ट १९०३ पॉकेट हॅमरलेस हे जॉन ब्राउनिंगने काढलेलं .३२ बोअरचं पिस्तूल, १९०३ ते १९४५ पर्यंत लाखांनी बनलं. नावात हॅमरलेस असलं तरी हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा हातोडा, असतो, फक्त स्लाइडच्या आत झाकलेला. कोटाच्या खिशातून काढताना अडकू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ही पिस्तुलं जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांना दिली. त्यांच्या सांगाड्यावर उजवीकडे 'यू. एस. प्रॉपर्टी' असा ठसा असतो आणि नंतरच्या पिस्तुलांना चकचकीत निळ्याऐवजी पार्करायझिंगचा, म्हणजे फॉस्फेटचा मळकट राखाडी थर. साध्या आणि लष्करी पिस्तुलात यंत्र तेच, लोखंड तेच, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. फसवणाऱ्याची कमाई या फरकातच आहे.

मला गाठणारा गृहस्थ साठीच्या पुढचा, मितभाषी. टेबलावर बरीच साधी पिस्तुलं, सगळ्यांच्या किमती वाजवी. त्यांत एक लष्करी कोल्ट १९०३ होतं, पण ते त्याने स्वतःहून दाखवलंही नाही; मीच विचारलं. कुठल्या जनरलची गोष्ट नाही, आजोबा नाहीत, नॉर्मंडी नाही. फक्त कोल्टच्या जुन्या दप्तरखान्याचं पत्र: अमुक क्रमांक, .३२ बोअर, पार्कराइज्ड, अमेरिकन सरकारकडे रवाना, तारीख. पत्रावरचा क्रमांक आणि पिस्तुलावरचा क्रमांक आकडान् आकडा जुळत होता. त्याने स्वतःचं ओळखपत्र दाखवलं, माझ्या वहीत नावपत्ता घालू दिला. एकाच राज्यातले दोन रहिवासी असल्यामुळे व्यवहार कायद्यात बसणारा होता. पैसे रोख दिले.

काही महिन्यांनी ओहायोतल्या एका संग्राहकाशी पत्रव्यवहार झाला. तो या लष्करी १९०३ पिस्तुलांच्या क्रमांकांची यादी ठेवतो. मी माझा क्रमांक कळवला. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: या क्रमांकाचं पिस्तूल गेली वीस वर्षं माझ्या तिजोरीत आहे.

मग उलगडा झाला. कोल्टचं पत्र मागवायला ते पिस्तूल तुमच्या मालकीचं असावं लागत नाही. क्रमांक द्या, फी भरा, पत्र घरी येतं. ओहायोवाल्याने आपलं पिस्तूल घेतलं होतं लिलावात, आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये क्रमांकासकट त्याचा स्वच्छ फोटो छापून आला होता. कोणीतरी तो क्रमांक उचलला, पत्र मागवलं, एक साधं १९०३ घेतलं, त्याचा मूळ क्रमांक घासला, तिथे हा क्रमांक मारला, उजवीकडे 'यू. एस. प्रॉपर्टी' ठोकलं आणि सगळ्यावर राखाडी थर चढवला.

भिंगाखाली, तिरप्या उजेडात, सगळं दिसत होतं. कारखान्यात सांगाडा सपाट घासला जातो, मग ठसा आणि त्यावर शेवटी रंग. माझ्या पिस्तुलावर क्रमांकाभोवती पोट आत गेल्यासारखा उथळ खळगा होता. स्क्रूच्या भोकांच्या कडा गोलावलेल्या. स्लाइडवरच्या उधळलेल्या घोड्याचे, म्हणजे कोल्टच्या खुणेचे, पाय पुसट, पण शेजारचा क्रमांक टवटवीत. चाळीस वर्षांचा फरक असावा असा. राखाडी थर एरवी असले दोष छान लपवतो. निळ्या चकचकीत पिस्तुलावर हीच लबाडी लगेच डोळ्यात भरली असती. म्हणून लष्करी, राखाडी पिस्तूल घेताना दुप्पट वेळ लावा आणि गन शोच्या पिवळ्या दिव्याखाली तर मुळीच ठरवू नका.

आता पैशांपलीकडची गोष्ट. अमेरिकेत शस्त्राचा क्रमांक बदलणं हा केंद्रीय गुन्हा आहेच, पण बदललेल्या क्रमांकाचं शस्त्र जाणूनबुजून जवळ बाळगणं हाही आहे. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ओहायोचं पत्र येईपर्यंत मी फसलेला गिऱ्हाईक होतो. ते वाचल्याक्षणी मला माहीत झालं, आणि पिस्तूल माझ्याच कपाटात! ते विकता येईना, दुरुस्तीला देता येईना, रागाने वितळवलं असतं तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसलं असतं. असा प्रसंग आलाच तर पिस्तूल गाडीत घालून परस्पर पोलीस ठाण्यात जाऊ नका. आधी वकील गाठा, त्यालाच पोलिसांशी बोलू द्या आणि त्यांचा माणूस घरी येऊन ते घेऊन जाऊ दे. मी तसंच केलं. वहीतली नोंद, पत्र आणि ओहायोवाल्याशी झालेला पत्रव्यवहार वकिलाने सोबत जोडला, म्हणून माझ्यावर शिंतोडा उडाला नाही. वकिलाची फी वेगळी.

घासलेल्या जागी आम्ल लावलं तर मूळ आकडे पुन्हा वर येऊ शकतात, कारण ठसा मारताना खालचं पोलादही दबलेलं असतं. प्रयोगशाळेत तसे काही आकडे निघाले म्हणे, पूर्ण नव्हे. वहीतला पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा ठरला, नाव दुसऱ्याच कोणाचं. गन शोच्या आयोजकांनी टेबल रोखीने घेतल्याचं सांगून हात वर केले.

माझ्याकडच्या पिस्तुलांचे फोटो आता मी कोणाला पाठवले तर शेवटचे आकडे झाकून पाठवतो. विकणाऱ्याने पत्र पुढे केलं की आधी पत्राची तारीख बघतो. पिस्तूल घरात पिढ्यानपिढ्या आहे म्हणायचं आणि पत्र मात्र गेल्या महिन्यात मागवलेलं, असं असेल तर पत्र का मागवलं ते विचारतो. मूठ काढून आतलं लोखंड बघू का, हेही विचारतो. खरा संग्राहक स्वतः स्क्रू-ड्रायव्हर काढून देतो.

मागच्या वर्षी एका छोट्या लिलावाच्या यादीत तोच क्रमांक पुन्हा दिसला, पत्रासकट. ओहायोवाल्याला फोन केला. त्याचं तिजोरीतच होतं. आम्ही दोघांनी लिलाववाल्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी ते पिस्तूल यादीतून गायब झालं. कोणी आणलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.