पाहुण्यांना कोणता वाडा दाखवायचा: शनिवारवाडा की विश्रामबागवाडा?

मे महिन्यात आमच्याकडे पुण्यात पाहुणे आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "शनिवारवाडा दाखवणार ना?" दाखवतो. पण हल्ली मी उलट विचारतो: वाडा बघायचाय की वाड्याची जागा? दोन्ही हवं असेल तर दोन ठिकाणी जावं लागतं. हाताशी दोन तासच असतील, तर आधी कुठे जायचं हे घरूनच ठरवून निघालेलं बरं.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहून कुणीही गप्प होतं. हत्तीने धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर टोकदार लोखंडी खिळे ठोकलेत. एका फळीतच माणूस वाकून आत जाईल एवढी दिंडी आहे. आत शिरलात की वाट सरळ जात नाही, लगेच वळते. शत्रूला दौडत आत घुसता येऊ नये म्हणून ही युक्ती. वर नगारखाना. त्याच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, पण चढाच. समोर बाजीरावांचा पुतळा, मागे कसब्याची दाटी, खाली सगळा वाडा.

आणि तिथूनच घोटाळा लक्षात येतो: खाली वाडा नाहीच. हिरवळ आणि दगडी जोती, बस्स. १० जानेवारी १७३० ला शनिवारी पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, सुरुवातीचा खर्च १६,११० रुपये. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि आतलं लाकूडकाम आठवडाभर जळत राहिलं. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. त्यामुळे इथे फिरताना अर्धा वाडा आपल्यालाच मनात बांधावा लागतो. इथे हजारी कारंजं, इथे गणपती रंगमहाल, ऐन गणपतीत ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला तो याच वाड्यात. सोबत सांगणारं कुणी असेल तर "काका, मला वाचवा"ला अंगावर काटा येतो. नसेल तर मंडळी वीस मिनिटांत "आता कुठे?" म्हणून विचारतात. भुताच्या गोष्टींवर मात्र फार वेळ घालवू नका. रिक्षावाले त्या तिकीट न काढता सांगतात.

विश्रामबागवाडा अगदी उलट. बाजीराव रस्त्यावरून रोज हजारो लोक त्याच्या कडेने तुळशीबागेत जातात आणि मान वर करत नाहीत. मीही कित्येक वर्षं तिथे फक्त बसची वाट पाहिली. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण दोन लाख रुपये खर्चून तो बांधला. शनिवारवाड्यापेक्षा त्याला इथेच राहायला आवडायचं. रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा नीट बघा. खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते, आणि वर कोरलेली केळफुलं. सागाच्या त्या खांबाजवळ उभं राहिलं की पेशवाईतला सुतार केवढ्या मेहनतीने कोरायचा ते कळतं. शनिवारवाड्यातले खांब कसे असतील याचा अंदाज मला तरी इथेच आला.

तोही अगदी अस्सल, जसाच्या तसा उरलाय असं नाही हं. १८७९ च्या आगीत त्याचाही मोठा भाग जळला आणि लोकांच्या वर्गणीतून पुन्हा उभा राहिला. त्याच आगीच्या धामधुमीत बुधवारवाडा मात्र कायमचा गेला. पण हा वाडा वापरात राहिला म्हणून वाचला, असं माझं मत. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. नंतर महापालिकेची कचेरी इथे होती. माणसांचा वावर असला की कुणीतरी गळकं कौल बदलतंच.

मग कुणाला कुठे न्यायचं? शाळकरी मुलं असतील तर शनिवारवाडाच. तट, बुरूज, खिळे आणि पळायला हिरवळ, त्यांना एवढं पुरे. नातेवाइकांना पुण्याचा फोटो हवा असेल तरी तिथेच. घरबांधणीत, लाकूडकामात रस असलेल्यांना विश्रामबागवाड्यात न्या. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही तिथेच, तो रस्त्यावरूनच बराचसा दिसतो. मात्र दुरुस्तीमुळे त्याचा काही भाग अधूनमधून बंद असतो, म्हणून त्याच दिवशी चौकशी करून निघा. शनिवारवाड्याला तिकीट आहे. उन्हाळ्यात दुपारी तिथे जाणं म्हणजे शिक्षा, आत सावली जवळजवळ नाही.

अर्धा दिवस मोकळा असेल तर दोन्ही करा, पण क्रम उलटा ठेवा. मेट्रोने मंडईला उतरा, आधी विश्रामबागवाडा, आणि वेळ असल्यास त्याच रस्त्यावर पुढे केळकर संग्रहालय. तिथे कोथरूडहून आणलेला मस्तानी महाल आहे. मग बाजीराव रस्त्याने चालत शनिवारवाड्याला. खांब आणि केळफुलं डोळ्यांत ताजी असताना ती मोकळी जोती पाहिली की तिथे काय जळलं ते कुणी सांगावं लागत नाही. लाल महालासाठी वेगळा वेळ काढू नका. सध्याची इमारत १९८० च्या दशकात महापालिकेने नव्याने उभारलेली आहे. वाटेत आहे म्हणून डोकावा, इतकंच.

बाहेरगावच्या पाहुण्यांना हा क्रम पटत नाही, त्यांना आधी शनिवारवाडाच हवा असतो. मागच्या खेपेला नागपूरच्या मेहुण्यांना जबरदस्तीने उलटं नेलं. शनिवारवाड्याच्या एका रिकाम्या जोत्यावर उभे राहून त्यांनी हाताने खांबांच्या जागा मोजायला सुरुवात केली, आणि आम्हाला जेवायला तीन वाजले.