सेमिनारला अस्वल घ्यावं की खार?

एम.एस्सी. प्राणिशास्त्राला 'शीतनिद्रा आणि तांबड्या पेशींची निर्मिती' हा विषय घेतला, की प्राणी कोणता, इथेच गाडी अडते. मी दोन्हींची तयारी केली आणि शेवटी बिळात राहणारी खार घेतली.

अस्वल वर्गाला लगेच आवडतं. (आपल्याकडे दरवेशी फिरवायचे ते अस्वल शीतनिद्रा घेत नाही, हे आधीच सांगून टाका.) तपकिरी अस्वल पाच-सहा महिने खात-पीत नाही, तरी अंग ३० अंशांच्या वरच राहतं. अस्थिमज्जा उबदार, म्हणजे पेशी बनतही असाव्यात, हा तर्क पटतो.

मला खटकला तो पीसीव्ही, म्हणजे रक्ताचा किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापलाय तो आकडा. हिवाळ्यात अस्वलाचा पीसीव्ही आणि हिमोग्लोबिन उन्हाळ्यापेक्षा जास्त भरतं. पण पेशी वाढल्या की रक्तातलं पाणी आटलं? मी दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. मे महिन्यात सोलापूर तापलं की जुलाबाने सुकलेले पेशंट रोज येतात. माझ्या मावशीचं हिमोग्लोबिन असंच पहिल्या दिवशी १२.८ आलं आणि घरचे निर्धास्त झाले. दोन सलाईन गेल्यावर १०.९. रक्त कुठेच गेलं नव्हतं, पाणी परत आलं होतं. तेव्हापासून नुसत्या पीसीव्हीवरून 'पेशी वाढल्या' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकूण पेशी मोजायच्या तर आधी शरीरातल्या रक्ताचं आकारमान काढावं लागतं, आणि सेमिनारमध्ये ते समजावण्यातच अर्धा वेळ जातो.

रक्त खारीचंही दाटू शकतं, मान्य. पण तिच्या अंगाची ऊबच चालू-बंद होते. गारठली की तापमान चार-पाच अंशांवर येतं. आर्क्टिक खारीचं उणे २.९ पर्यंत गेल्याची नोंद १९८९ सालची आहे. त्या थंडीत मज्जेतलं पेशीविभाजन जवळजवळ थांबतं. तरी पेशींचा तुटवडा पडत नाही, कारण जुन्या पेशीही सावकाश म्हाताऱ्या होतात. शीतनिद्रेत तांबड्या पेशींचं आयुष्य लांबतं, हे हॅमस्टरवर १९६० सालीच दिसलं होतं. मग दर एक-दोन आठवड्यांनी खार तपकिरी चरबी जाळून दिवसभरापुरती ३७ अंशांजवळ येते, आणि मज्जेला संधी मिळते.

इथे रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, कामाला येतात. न्यू मिथिलीन ब्ल्यू या रंगात निळी जाळी दिसली की पेशी ताजी. त्यांची टक्केवारी तांबड्या पेशींमागे काढतात, त्यामुळे पाणी कमी-जास्त झाल्याने ती हलत नाही. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

पेशी किती बनतात यापेक्षा त्या ऑक्सिजन कसा धरून ठेवतात याची ओढ असेल, तर अस्वल जरूर घ्या. शीतनिद्रेत त्याच्या पेशींतलं २,३-डीपीजी (हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारं संयुग) घटतं, तो भाग फार सुंदर आहे. खार घेतलीत तर प्रत्येक आकड्याशेजारी नमुना गारठ्यातला की जागेपणीचा, ते लिहा. थंडीत रेटिक्युलोसाइटचं पक्व होणंही मंदावतं, आणि परीक्षक पहिलं तेच विचारतील.