मॉरिस मायनरला पुढे टेलिस्कोपिक शॉकचं किट बसवलं, दीड वर्ष चालवून मग लिहितेय

आधीच सांगते, किट चांगलंय आणि माझे पैसे वसूल झालेत, पण "पुढचं सगळं ढिलं झालंय, शॉक टाकले की सुधारेल" अशा समजुतीनं कोणी घेणार असेल तर थांबा आणि हे वाचा. (शॉक म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, गाडीचं डोलणं थांबवणारा पार्ट; टेलिस्कोपिक म्हणजे नळीत नळी सरकणारा, आजकालच्या गाड्यांना असतो तसा.)

माझी गाडी 1967 ची मॉरिस मायनर 1000, दोन दरवाज्यांची, 1098 सीसीवाली. बनली काउलीला, ऑक्सफर्डच्या कडेला, आणि आम्ही राहतो इंग्लंडमध्येच रेडिंगला, म्हणजे गाडी तिच्या माहेरापासून फार लांब नाही. चार वर्षं झाली घेऊन. रोजची गाडी वेगळी आहे, ही शनिवार-रविवारची, पण कापड झाकून ठेवायला घेतलेली नाही, पावसाळी दिवसातही निघते.

तर बाबा सोलापूरहून आले होते दोन महिन्यांसाठी. बाबांनी बावीस वर्षं अँबॅसिडर चालवली, आणि अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीच, 2014 पर्यंत उत्तरपाड्याला बनत होती, पुढचं सस्पेन्शन मायनरच्याच घराण्यातलं, टॉर्शन बारवालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप बाहेरच्या भिंतीवर ठेवला, पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकवले, जोरात दाबलं आणि सोडलं. गाडी खाली, वर, खाली, वर, परत थोडी खाली. "अगं हिचे शॉक गेलेत. तू हिला घेऊन मोटरवेला जातेस?" मी जात होते. आणि मला वाटायचं जुनी गाडी अशीच डोलते.

आता मायनरला पुढे नेहमीसारखा नळीचा शॉक नसतोच मुळात. सर अॅलेक इसिगोनिस, ज्यांनी पुढे मिनी केली, त्यांची ही गाडी, 1948 ला आली. कॉइल स्प्रिंगच्या जागी गाडीच्या लांबीत दोन्ही बाजूंना एकेक पोलादी दांडा, हाच टॉर्शन बार, चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म वर गेला की तो दांडा पिळला जातो, हीच स्प्रिंग. आणि वरचा आर्म म्हणजे शॉकचाच हात. बिडाच्या डब्यात पिस्टन आणि तेल, हात हलला की तेल व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि झटका मरतो, म्हणून त्याला लीव्हर आर्म म्हणतात. डोकं बघा, एकाच पार्टमध्ये शॉक पण आणि वरचा आर्म पण. पण गोम इथेच आहे, सील गेलं आणि तेल गळून गेलं तरी हात चाकाला धरूनच ठेवतो, काही तुटत नाही, वाजत नाही, गाडी फक्त महिन्यामहिन्यानं जास्त डोलायला लागते आणि आपल्याला सवय होत जाते. माझ्या डाव्या बाजूचं झाकण उघडलं तर आत तेल नावालासुद्धा नव्हतं.

पर्याय तीन होते. एक, रिकंडिशन केलेले लीव्हर आर्म घ्यायचे, गाडी ओरिजिनल राहते, पण चांगले मिळणं नशिबावर. दोन, बाहेरून टेलिस्कोपिक शॉक जोडायचं किट. तीन, वरचा आर्म, बॉल जॉइंट, सगळंच नवं टाकायचं महागडं किट, ते मला नको होतं, रेसिंग करायची नाहीये आणि गाडीचं मूळ रूप इतकं बदलायचं नाहीये. मी दुसरं घेतलं, 210 पौंड पडले, कुरिअर वेगळं.

किटमध्ये दोन शॉक, वरचे दोन ब्रॅकेट, खालच्या आर्मला लावायच्या पिना आणि नटबोल्टची पिशवी. लीव्हर आर्म काढून फेकायचा नसतो हे नीट लक्षात घ्या, तो वरचा आर्म म्हणून जागेवरच राहतो, माझ्या किटमध्ये फक्त त्याचा व्हॉल्व्ह काढायचा होता म्हणजे दोन शॉक एकमेकांशी भांडत नाहीत. तेल मात्र भरायचंच, नाहीतर त्याचा आतला पिव्हट कोरडा पडून झिजेल. मी मोटरसायकलच्या फोर्कमध्ये टाकतात ते 20 ग्रेडचं तेल भरलं.

आता मुद्द्याचं. शॉक लावायला चाकं काढली, खालून चाक धरून हलवलं तर उजवीकडे टक टक, स्पष्ट प्ले, म्हणजे सांधा ढिला. मायनरच्या किंगपिनला, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं त्या उभ्या पिनेला, वर-खाली आटे पाडलेले असतात आणि ती ट्रनियनमध्ये, म्हणजे तिची टोकं धरणाऱ्या आट्यांच्या सांध्यात, स्क्रूसारखी फिरते, स्टेअरिंग वळवलं की आट्यांवर आटे घासतात आणि मध्ये असतं फक्त ग्रीस. ग्रीस नाही मिळालं की आटे खाल्ले जातात आणि एक दिवस खालच्या ट्रनियनमधून पिन निसटून येते, चाक मडगार्डखाली आडवं दुमडतं आणि गाडी नाकावर बसते. मायनरचा हा सगळ्यात कुप्रसिद्ध दोष आहे, बहुतेकदा हळू वेगात वळताना होतो म्हणून माणसं वाचतात. माझी खालची ट्रनियन साफ केली, पिनवर हातानं फिरवून बघितली तर ती फिरण्याऐवजी लटपटत होती, आट्यांची टोकं ब्लेडसारखी पातळ झालेली. ती बघितल्यावर मी दहा मिनिटं गॅरेजच्या फरशीवर तशीच बसून होते, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात मी मुलीला घेऊन त्याच गाडीतून गेले होते.

हे न बघता नुसते नवे शॉक लावले असते तर गाडी डोलायची थांबली असती, मला वाटलं असतं सगळं ठीक झालं, आणि ट्रनियन तशीच राहिली असती. म्हणून सांगतेय, आधी ट्रनियन, बुश (सांध्यातले रबर), पिन बघा, मग किटचा विचार करा. मी दोन्ही बाजूंच्या वरच्या-खालच्या ट्रनियन, खालच्या आर्मचे बुश सगळं बदललं, डाव्या-उजव्या बाजूचे पार्ट वेगळे येतात, ऑर्डर देताना बघून द्या. त्याचा खर्च किटच्या जवळपास तेवढाच झाला. आणि एक, हे उघडताना खालच्या आर्मखाली जॅक लावल्याशिवाय एकही नट सोडू नका, टॉर्शन बार पिळलेला असतो, आर्म सुटला तर हात मोडेल.

बसवायला दोन वीकेंड लागले, नवरा पाना धरायला. बाबा खुर्ची टाकून बसलेले, "ग्रीस चाक उचलून मार, वजन उतरलं की आत जातं" हे त्यांनीच सांगितलं, आणि खरंच चाक हवेत घेतल्यावर वरून जुनं काळं ग्रीस सळसळत बाहेर आलं आणि मग स्वच्छ पिवळं. आता दर हजार मैलांनी मारते.

फरक? पहिल्या स्पीड ब्रेकरलाच कळला. गाडी एकदा दबते, एकदा उठते, संपलं. मोटरवेला ट्रक शेजारून गेला की पूर्वी नाक हेलकावे खायचं ते बंद झालं. ओल्या रस्त्याला वळणात चाक रस्त्याला धरून राहतं, मायनरचं रॅक अँड पिनियन स्टेअरिंग मुळातच गोड आहे, त्याची खरी मजा आत्ता यायला लागली. वळणात गाडी कलते ती अजूनही कलते, पण सावकाश कलते. शॉकनं कलणं कमी होत नाही, फक्त त्याचा वेग कमी होतो, त्यासाठी अँटी-रोल बार, म्हणजे कलणं रोखणारा दांडा लागतो आणि मायनरला पुढे तो कंपनीनं दिलेलाच नाही. कोणी विकणारा काही वेगळं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. छोट्या खड्ड्यांना मात्र पूर्वीपेक्षा किंचित कडक वाटतं, मागे बसलेल्या सासूबाईंनी लगेच ओळखलं.

तक्रारी दोन. एका ब्रॅकेटची भोकं दोन मिलीमीटर सरकलेली होती, कानशीनं ओढून मोठी करावी लागली. आणि पिशवीतले वरचे बोल्ट आखूड, नटात पूर्ण आटे बसतच नव्हते, मी पुरेशा लांबीचे हाय टेन्साइल (जास्त ताकदीचे) बोल्ट वेगळे आणले. सप्लायरला फोटो पाठवले, उत्तर आलं नऊ दिवसांनी, "सगळ्यांना बसतात". सस्पेन्शनच्या बोल्टबद्दल हे उत्तर मला अजिबात चालत नाही. नाव लिहीत नाही, पण त्यासाठी एक स्टार कापला, पाचपैकी चार.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, तरी मी दरवर्षी करून घेते, ह्या वेळी टेस्टरनं पुढची दोन्ही चाकं धरून हलवली आणि काही बोलला नाही. ते मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "शंभर मैलांनी बोल्ट परत आवळलेस का?" आवळले होते. वरचा उजवीकडचा एक खरंच पाव फेरा ढिला निघाला होता, तेव्हा तुम्हीही आवळा.