व्हॅक्यूमच्या बॅटरीसाठी बेंच पॉवर सप्लाय: तीन आठवडे वापरून

माझ्या कॉर्डलेस व्हॅक्यूमच्या अडॅप्टरची वायर मानेपाशीच तुटली. खोका चिकटवून बंद केलेला, उघडायची सोय नाही. नवीन यायला तीन आठवडे, आणि घरात केस गाळणारं मांजर. शेवटी ० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा, व्होल्टेज आणि करंट दोन्ही सेट करता येणारा पॉवर सप्लाय मागवला.

त्याआधी एक घोळ होता होता राहिला. बॅटरीवर २१.६ व्होल्ट छापलंय. म्हणजे आत ३.६ व्होल्टचे ६ लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ ला जातो, म्हणजे अख्खा पॅक २५.२ ला. हा आकडा डोक्यात धरून मी '२५.२ व्होल्ट व्हॅक्यूम चार्जर' शोधला. मिळालाही! पैसे भरायच्या आधी सहज फोटोतलं लेबल मोठं करून पाहिलं, तर आउटपुट २९.४. तो ७ सेलच्या पॅकचा होता, कारण ७ गुणिले ३.६ सुद्धा २५.२ च होतात. माझ्या ६ सेलना तो लावला असता तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.९ व्होल्ट. बॅटरीतलं संरक्षक सर्किट कदाचित मध्ये पडलं असतं, पण ते पडतं का हे बघायची मला हौस नव्हती. लॅपटॉपचा चार्जर लावून बघ, अशीही सूचना घरातून आली. १९ व्होल्टने २१ ची बॅटरी कशी भरणार?

आता सप्लायबद्दल. मेलेल्या अडॅप्टरची पिन वायरसकट कापून घेतली, म्हणजे पिनच्या जाडीचा प्रश्न मिटला. आत लाल-काळं काही नाही, दोन्ही वायरी काळ्या, एकीवर पांढरी रेघ. रेघ म्हणजे प्लस असं गृहीत धरू नका. मी मल्टिमीटरने पिनच्या आतल्या भोकापर्यंत कुठली वायर जाते ते तपासलं आणि लेबलवरच्या प्लस-मायनसच्या खुणेशी ताडून पाहिलं. मग काहीही न जोडता व्होल्टेज २४.६ ला आणलं (सेलमागे ४.१, थोडं कमीच भरलेलं बरं) आणि करंटची मर्यादा मूळ अडॅप्टरइतकीच, ०.५० अँपिअर.

पिन लावल्यावर सीसीचा (म्हणजे करंट स्थिर धरलाय असं सांगणारा) दिवा लागला आणि करंट ०.५० वर खिळून राहिला. चारेक तासांनी सीव्हीचा (आता व्होल्टेज स्थिर) दिवा लागला, करंट उतरायला लागला: ०.४१, ०.२७, ०.१५. ०.१० ला मी पिन काढली. मूळ अडॅप्टरवर नुसता हिरवा दिवा लुकलुकायचा. बॅटरी भरते म्हणजे नेमकं काय होतं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. बॅटरी जेमतेम कोमट. घर झाडून काढल्यावर मात्र ती चांगलीच तापलेली असते, तेव्हा अर्धा तास थांबूनच चार्जिंगला लावायचे.

तक्रारी आहेत. व्होल्टेजचा नॉब फार हळवा, आणि लॉक नाही. पुसताना फडकं लागलं आणि आकडा २६.३ वर गेला. नशीब, बॅटरी जोडलेली नव्हती. डिस्प्ले मल्टिमीटरपेक्षा ०.१ जास्त दाखवतो, तेवढं चालेल. सोबतच्या मगरक्लिप एकमेकींना चिकटायला टपलेल्या असतात. मी सरळ स्क्रूचा कनेक्टर लावला. पंखा कुरकुरतो.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हा आपोआप बंद होत नाही. त्यामुळे रात्री लावून झोपायचं नाही. मी फरशीवर ठेवून, त्याच खोलीत काम करत बसायचे. बंद करताना आधी पिन काढायची, मग बटण, नाहीतर बॅटरी उलट सप्लायलाच करंट पुरवू शकते. आणि जुन्या निकेलच्या बॅटरीवाल्या व्हॅक्यूमला यातला कुठलाच हिशोब लागू नाही, त्यांचं चार्जिंग वेगळं.

पाचपैकी साडेतीन तारे. नॉबला लॉक असतं तर चार दिले असते. नवा अडॅप्टर परवा आला. लावण्याआधी त्याचंही लेबल वाचलं.