डेक्कनवरचं ‘दक्षिण युरोप पॅकेज’: कागदपत्रं चोख, पगाराचा तक्ता कच्चा

नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस असे तीन देश एकाच दरात विकणाऱ्या या सल्लासेवेचं कागदपत्रांचं काम चांगलं आहे. अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून लागणारा सरकारी शिक्का), भाषांतरं सगळं क्रमाने होतं. पीसीसी, म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखला, मुद्दाम शेवटी काढायला लावतात, तेही बरोबर. घाई केली तर व्हिसाच्या तारखेपर्यंत ते जुनं होतं.

घोळ आहे तो पगारात. पोर्तुगालची ऑफर ‘महिना १,०१५ युरो, किमान वेतन ८७०’ अशी छापली आहे. वाचणाऱ्याला वाटतं, दीडशे युरो वरकड! पण तिथे वर्षाला १४ पगार असतात. ८७० गुणिले १४, भागिले १२ करा. नेमके १,०१५ येतात. म्हणजे २०२५ चं किमान वेतनच, फक्त बारा हप्त्यांत वाटलेलं.

त्याहून महत्त्वाचं, करार नोकरीचा आहे की ‘रेसिबुश वेर्देश’चा, हे तक्त्यात नाहीच. हा दुसरा प्रकार म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक. तेरावा-चौदावा पगार नाही, पगारी रजा नाही. नोकरदाराच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचे ११ टक्के कापले जातात आणि मालक वेगळे २३.७५ टक्के भरतो. ‘रेसिबुश वेर्देश’मध्ये उत्पन्नाच्या ७० टक्के रकमेवर २१.४ टक्के बहुतेक तुम्हीच भरायचे. हजार युरोंमागे साधारण १५०. पहिले बारा महिने सूट असते, म्हणून फटका दुसऱ्या वर्षी कळतो.

ग्रीसबद्दल ‘मंदी संपली, पगार वाढले’ एवढंच लिहिलंय. २०१२ मध्ये किमान वेतन ७५१ वरून ५८६ युरोंवर आणलं होतं आणि ७५१ चा आकडा पुन्हा ओलांडायला एप्रिल २०२३ उजाडलं. मधल्या काळातली महागाई धरा, मग वाढ कसली?

स्पेनच्या करारात ‘फिखो दिस्कोन्तिनुओ’ हे शब्द शोधा. नोकरी कायम, पण काम आणि पगार हंगामापुरता. हॉटेलांत हे सर्रास.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसली पाहिजे, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. ‘आम्ही फक्त सल्ला देतो’ म्हणत नोकरीही लावून देणार असतील तर उठून यावं.

नुसतं कागदपत्रांचं काम वेगळं करून देतात का, विचारा. देतात, दरपत्रकावर मात्र ते छापलेलं नाही.